बायोगॅस प्लांटची वायरिंग : सुरतच्या अंजनापासून आपल्या गोठ्यापर्यंत

सुरत / नवापूर (प्रतिनिधी) : आपल्या भागातल्या निम्म्या घरांचा एक पाय सुरतला असतो. कुणी उधन्याला, कुणी लिंबायतला, कुणी डिंडोली नाहीतर पांडेसऱ्याला. लूमवर गेलेली पोरं पाच-सात वर्षांत जॉबर होतात, काही वायरमन होतात, आणि गावी परतली की घरचं, मळ्याचं, गोठ्याचं लाइटचं काम त्यांच्याकडेच येतं. त्यात आता गोबरगॅसची भर पडलीय. प्लांटला स्लरीचा पंप, शेण कालवायची मोटर, गॅस ओढणारा ब्लोअर, कुठे कुठे गॅसवर चालणारा जनरेटरसुद्धा आला. गॅस आणि करंट एकाच शेडमध्ये राहायला लागले, आणि या विषयावर मराठीत नीट माहिती मिळत नाही, म्हणून ही नोंद. वाचून झाल्यावर जपून ठेवा आणि आपल्या वायरमनलाही दाखवा.

आधी सुरतचं उदाहरण

उधना-लिंबायतच्या आपल्या वस्तीपासून जवळच सुरत महानगरपालिकेचं अंजना येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. क्षमता रोज ८२.५ दशलक्ष लिटर. शहराच्या सांडपाण्यातला गाळ तिथे बंद टाक्यांत कुजवला जातो आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर ०.५ मेगावॅटचा वीज प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. मैल्याच्या गॅसवर वीज करून ती केंद्रातच वापरायची, ही गोष्ट तेव्हा देशात नवी होती. पुढे भटार, करंज आणि सिंगणपूर इथे एकेक मेगावॅटचे असेच प्रकल्प झाले. एकूण साडेतीन मेगावॅट. सरदार मार्केटमध्येही भाजीपाल्याच्या कचऱ्यापासून गॅस होतो, आणि त्या कचऱ्यात नाशिक-खान्देशातून गेलेली कोबी आणि मेथीही असतेच.

तसं पाहिलं तर या विद्येत मुंबईचा नंबर आधी. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारासच मैल्यापासून गॅस वापरात आला होता. खेड्यापाड्यात लोखंडी ड्रमचा प्लांट पसरला तो खादी ग्रामोद्योग आयोगामुळे. १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचा 'दीनबंधू' आला आणि ड्रमचा खर्च वाचला. या दोन्ही प्लांटना विजेची गरजच नव्हती. शेण हाताने कालवायचं, गॅस आपल्या दाबाने चुलीपर्यंत जायचा. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात 'गोबरगॅसची वायरिंग' असा प्रश्नच नव्हता. प्रश्न आत्ताचा आहे.

मोठ्या केंद्रांकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे मांडणी. कुजवण्याच्या टाक्या एकीकडे, गॅस साठवण्याची टाकी वेगळी, इंजिनची खोली वेगळी, आणि मेन पॅनेल त्याहून वेगळ्या खोलीत. मधे मोकळी जागा. ती जागा बघून मला आधी वाटलं, सरकारी जागा आहे, ऐसपैस बांधलंय. तसं नाही. ती मोकळी जागा हाच सुरक्षेचा पहिला खर्च आहे.

गॅस किती लागतो? एक हिशोब

मी कॉमर्सचा माणूस, मला हिशोबातूनच समजतं. बायोगॅसमध्ये ढोबळ ५५ ते ६५ टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मधे आलं की ठिणगीने भडका उडतो. पाचच्या खाली पेटत नाही, पंधराच्या वर हवा कमी पडते.

आता १० बाय १० ची, १० फूट उंच खोली घ्या. १००० घनफूट, म्हणजे साधारण २८ घनमीटर. त्याचे ५ टक्के झाले १.४ घनमीटर मिथेन. बायोगॅसमध्ये मिथेन ६० टक्के धरला तर २.३ ते २.४ घनमीटर बायोगॅस. चार-पाच जनावरांचा, रोज ५० किलो शेणाचा घरगुती प्लांट दिवसाला साधारण २ घनमीटर गॅस देतो. थोडक्यात, सगळ्यात लहान प्लांटचा एका दिवसाचा गॅस बंद खोलीत गळला तर ती खोली स्फोटाच्या काठावर जाते. आणि हे सगळीकडे सारखा पसरला तर. गळतीच्या जवळ, कोपऱ्यात, छताखाली याच्या कितीतरी आधी तेवढं प्रमाण होतं.

ठिणगी लागते ती इतकी छोटी की डोळ्याला दिसणारही नाही. घरचा साधा स्विच दाबताना आत जी ठिणगी होते ती पुरेशी आहे. मोटरच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर तर त्याहून मोठी ठिणगी मारतो.

अजून एक गैरसमज. 'गॅस हलका असतो, वर निघून जातो' असं लोक म्हणतात. शुद्ध मिथेन हलका आहे, हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा. पण बायोगॅसमध्ये जड कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो, त्यामुळे त्याचं वजन हवेच्या जवळपास जातं. तो झटकन वर पळत नाही. बंद खोलीत तो रेंगाळतो. म्हणून झरोका फक्त वर ठेवून भागत नाही, समोरासमोर, वर आणि खाली दोन्हीकडे हवा खेळायला हवी.

लोडशेडिंग आणि ऑटो स्विच

हा भाग नीट वाचा, कारण सुरतच्या मोठ्या केंद्रात हा धोका नाही, तो आपल्याकडचाच आहे.

शेतीची लाइट रात्रीबेरात्री येते. म्हणून आपण विहिरीच्या पंपाला ऑटो स्विच लावतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. उठून जायची कटकट नाही. तोच ऑटो स्विच लोक आता स्लरीच्या पंपाला आणि गॅसच्या ब्लोअरलाही लावतात. बघा काय होतं. संध्याकाळी लाइट जाते. ब्लोअर बंद, पंखा बंद, पण प्लांटमध्ये गॅस बनणं बंद होत नाही. पाइपचा जॉइंट थोडा सैल असेल किंवा पाण्याच्या सापळ्यातलं पाणी आटलं असेल तर गॅस शेडमध्ये साचत राहतो. रात्री दोन वाजता लाइट येते आणि त्या साचलेल्या गॅसमध्ये ऑटो स्विच खाडकन कॉन्टॅक्टर ओढतो. तिथे माणूस नसतो म्हणून वासही कुणाला येत नाही.

सीमेजवळच्या एका गोठ्यावर मी हीच मांडणी स्वतः पाहिली. मालकाचं आणि गावाचं नाव देत नाही. ड्रमला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये ब्लोअर, आणि ब्लोअरच्या बरोबर वर भिंतीवर स्टार्टरची पेटी. पेटीचं झाकण तारेने बांधलेलं. शेडमध्ये पाय टाकला तर वास. वायरिंग करणारा पोरगा सुरतला दहा वर्षं लूमच्या खात्यात काम करून आलेला, हाताने कामाला चोख. त्याला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, वायर ती वायरच शे, लूम असो का गॅस." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लूमच्या खात्यात ठिणगी उडाली तर फार तर धागा जळतो.

उपाय साधा होता आणि जवळपास फुकट. ऑटो स्विच काढला, स्टार्टरची पेटी शेडबाहेर गोठ्याच्या पलीकडच्या भिंतीवर नेली, शेडच्या दोन बाजूंचे पत्रे खाली दीड-दीड फूट कापले. केबल जास्तीची लागली, तेवढाच खर्च.

अंतर हाच स्वस्त उपाय

नियमात धोक्याच्या जागेचे तीन भाग करतात. झोन शून्य म्हणजे जिथे स्फोटक मिश्रण कायम किंवा बराच वेळ असू शकतं. झोन एक म्हणजे रोजच्या कामात अधूनमधून होऊ शकतं. झोन दोन म्हणजे सहसा होत नाही, झालंच तर बिघाडाने आणि थोडा वेळ. आपल्याकडे ही वर्गवारी आयएस ५५७२ या मानकात आहे. उपकरणांसाठी आयएस/आयईसी ६००७९ ही मालिका आहे.

गोठ्याच्या भाषेत सांगायचं तर ड्रमच्या किंवा घुमटाच्या आतली गॅसची जागा सगळ्यात धोक्याची. जास्तीचा गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं तोंड, पाणी काढायचा सापळा, शेण कालवायचा हौद, स्लरी बाहेर पडायचं तोंड, फुग्याच्या प्लांटची शिवण, हे त्याच्या खालोखाल. जर्मनीत शेतावरचे हजारो बायोगॅस प्लांट आहेत. तिथे व्हॉल्व्हच्या तोंडापासून १ मीटर झोन एक आणि त्यापुढे २ मीटर झोन दोन धरायची पद्धत आहे. आपण घरगुती प्लांटला सगळ्या बाजूंनी ३ मीटर, म्हणजे दहा फूट, 'इथे करंट नाही' अशी रेघ मारली तर निम्मी चिंता मिटते. स्विच, प्लग, बोर्ड, मीटर, इन्व्हर्टर, बॅटरी, सीसीटीव्हीचा डबा, मोबाइलचा चार्जर, सगळं त्या रेघेबाहेर. डोक्यावरून गेलेली लाइन असेल तर प्लांटची जागाच बदला.

उजेड हवा असेल तर दिवा रेघेबाहेर खांबावर लावून लांबून प्रकाश टाका. हौदात काय चाललंय ते बघायला कुणी मोबाइलचा टॉर्च लावून आत वाकू नये. काडी तर नकोच.

जिथे मोटर लागतेच तिथे

काही ठिकाणी मोटर धोक्याच्या जागेत ठेवावीच लागते. तिथे साधा माल चालत नाही, फ्लेमप्रूफ लागतो. सचिन, अंकलेश्वरच्या केमिकल कारखान्यांमुळे तिकडच्या दुकानांत हा माल 'एफएलपी' नावाने मिळतो. साध्यापेक्षा तो बराच महाग आहे, म्हणून वरचा अंतराचा उपाय आधी सांगितला.

फ्लेमप्रूफ म्हणजे गॅस आत शिरतच नाही, असं नाही. गॅस आत शिरतो, आत ठिणगी पडते, आत छोटा स्फोटही होऊ शकतो. पण पेटीची जाड भिंत तो सहन करते, आणि झाकणाच्या फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाला थंड होते. हे कळलं की पुढच्या चुका आपोआप कळतात. दहापैकी दोन बोल्ट लावायचे राहिले, तर ती पेटी फ्लेमप्रूफ राहिली नाही. पेटी फ्लेमप्रूफ पण केबलची ग्लँड साधी, तरी राहिली नाही. वापरात नसलेलं भोक एम-सीलने बुजवलं, तरीही नाही. झाकणाच्या घासलेल्या कडेवर रंग मारला किंवा तिथे फाइल फिरवली, तेही चालत नाही. एवढा महागडा माल घेऊन शेवटच्या वीस मिनिटांत तो वाया घालवायचा, हे मी दोनदा पाहिलंय.

माल घेताना पेटीवरची पट्टी वाचा. त्यावर गॅसचा गट आणि तापमानाचा वर्ग लिहिलेला असतो. मिथेन 'दोन-ए' गटात येतो, हायड्रोजन सल्फाइड त्याहून कडक अशा 'दोन-बी' गटात. हायड्रोजन सल्फाइड मिथेनपेक्षा कमी तापमानाला पेटतो, म्हणून 'दोन-बी' आणि 'टी-३' किंवा 'टी-४' लिहिलेला माल घेतला की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. अशा मालाला देशात मान्यता देणारी संस्था आहे 'पेसो', मुख्यालय आपल्या नागपूरलाच. दुकानदाराकडे मान्यतेच्या कागदाची झेरॉक्स मागा. देत नसेल तर तो माल घेऊ नका.

ब्लोअरबाबत एक नेहमीची चूक. खोलीतला गॅस काढायला लोक एक्झॉस्ट पंखा लावतात, आणि गॅस नेमका त्या पंख्याच्या साध्या मोटरवरून बाहेर जातो. त्यापेक्षा पंखा बाहेर, स्वच्छ हवेत ठेवून हवा आत ढकला.

पंप असा बसवा की कुणी आत उतरणार नाही

बायोगॅसमध्ये माणसं जातात ती स्फोटाने तरी, नाहीतर हौदात गुदमरून. दुसऱ्या प्रकाराचा वायरिंगशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. पंप अडकतो किंवा जळतो, म्हणून तर माणूस आत उतरतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वाटतं, वास गेला. विषारी वायू किती झटपट काम करतो ते सुरतकरांना सांगायला नको. ६ जानेवारी २०२२ ला सचिन जीआयडीसीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडल्यावर जवळच्या मिलमधले कामगार जागेवर कोसळले होते, सहा जणांचा जीव गेला.

म्हणून पंप दोन उभ्या पाइपांच्या सरकपट्टीवर बसवा, साखळीने वरूनच ओढून घेता येईल असा. केबल तेवढी लांब ठेवा, आणि तिचा जोड हौदात नको, वर बाहेरच्या पेटीत हवा. पातळी खाली गेली की पंप बंद करणारा फ्लोट हवाच. पाण्यातल्या पंपाचं अंग उघडं पडलं की तो तापतो, आणि वरची जागा गॅसची असते. फ्लोटच्या वायरला साधा २३० व्होल्ट देऊ नका, कमी व्होल्टेजचं सुरक्षित सर्किट वापरा. दुरुस्तीआधी मेन बंद करून कुलूप लावा, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवा. गटार आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. शेणाच्या हौदालाही तेच शहाणपण लावलं तर बिघडलं कुठे?

अर्थिंग

लोखंडी ड्रम, गॅसचा लोखंडी पाइप, ब्लोअरचा सांगाडा, इंजिनचा सांगाडा, हे सगळं एकमेकांना तांब्याच्या पट्टीने जोडून मग अर्थच्या खड्ड्याला न्या. मधे कुठे पीव्हीसीचा तुकडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांचं लोखंड वेगळं राहतं, तिथे पट्टीचा पूल बांधावा लागतो. गॅसच्या पाइपालाच अर्थ म्हणून वापरणं, ही सवय मात्र सोडा. न्यूट्रल आणि अर्थ एकच समजणारे वायरमन अजूनही आहेत. त्यांना चहा पाजा, पण काम देऊ नका.

मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. गोठ्यात ओली जमीन, अनवाणी माणसं आणि चार पायांची जनावरं. जनावराला माणसापेक्षा कमी करंट पुरतो. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करणारे खूप आहेत. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळतोय, ते आधी शोधा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करतो. प्लांटजवळची उघडी तांब्याची तार वर्षभरात काळी पडते, कॉन्टॅक्ट खराब होतो, जोड तापतो. त्यामुळे दिवाळीनंतर एकदा सगळे जोड उघडून बघायचे. कल्हई केलेली तांब्याची तार जास्त टिकते.

गॅस गाळायला लोखंडी किसाचा डबा लावला असेल तर एक लक्षात ठेवा. वापरलेला कीस हवेत उघडा पडला की आपोआप तापतो, धुमसतो. तो ओला करून, प्लांटपासून लांब टाका. याचा विजेशी संबंध नाही, पण आग लागली की लोक नाव वायरिंगलाच ठेवतात.

जनरेटर लावायचा असेल तर

एक घनमीटर बायोगॅसपासून साधारण दीड ते दोन युनिट वीज होते. दोन घनमीटरच्या घरगुती प्लांटवर जनरेटरचा विचारही करू नका, चुलीलाच वापरा. मोठी गोशाळा, डेअरी असेल तरच.

इंजिनची खोली गॅसच्या टाकीपासून वेगळी. गॅसच्या लाइनवर खोलीबाहेर हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह, त्याशिवाय लाइट गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि ज्वाला मागे जाऊ नये म्हणून फ्लेम अरेस्टर. छताजवळ गॅस डिटेक्टर. त्यावर 'एलईएलच्या २० टक्के' असं लिहिलेलं असतं, तेव्हा घाबरू नका. स्फोटाची खालची मर्यादा ५ टक्के मिथेन, त्याचे २० टक्के म्हणजे हवेत १ टक्का मिथेन. तिथे भोंगा आणि पंखा सुरू. ४० टक्क्यांना, म्हणजे २ टक्के मिथेनला, गॅस आणि खोलीतली साधी वीज दोन्ही बंद. पंख्याचं कनेक्शन वेगळं हवं, नाहीतर वीज तोडली की पंखाही बंद पडायचा.

जनरेटरची वीज आणि महावितरणची वीज कधीही एकत्र येता कामा नये. चार पोलचा चेंजओव्हर स्विच लावा, न्यूट्रलसकट तुटणारा. नाहीतर लाइट गेलेली असताना तुमच्या जनरेटरचा करंट उलटा खांबावर जातो, आणि खांबावर चढलेला लाइनमन म्हणजे आपल्याच गावचा कुणाचा तरी पोरगा असतो.

कागद आणि हद्द

विजेच्या सुरक्षेचे सध्याचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे, २०२३ चे आहेत. काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परमिटवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. वायरमनचं परमिट राज्याचं असतं. सुरतला काम केलेल्या पोराकडे गुजरातचं परमिट असलं तरी नवापूर-नंदुरबारच्या कामाआधी ते इथे चालतं का, हे महाराष्ट्राच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारून घ्या. तिकडे प्लांट असेल तर दक्षिण गुजरात वीज कंपनी आणि गुजरातचे निरीक्षक, इकडे महावितरण आणि आपले. जनरेटर बसवायचा असेल तर बसवण्याआधी जा. विमा कंपनी नुकसान झाल्यावर पहिल्यांदा हाच कागद मागते.

नवीन प्लांट सुरू करताना पहिला भरलेला गॅस पेटवू नका, त्यात हवा मिसळलेली असते. एक-दोनदा मोकळ्या हवेत सोडून द्या, तेवढा वेळ आजूबाजूला स्विच, बिडी, वेल्डिंग काही नको. आणि ड्रम गंजला म्हणून जागेवरच वेल्डिंग करायला सुरतहून येणाऱ्या कुणालाही आधी ड्रम बाहेर काढायला, धुवायला आणि हवेत उघडा ठेवायला लावा. तो म्हणेल, 'दोन टाक्यांचं तर काम आहे.' तरीही लावाच.